मुद्दाम चुकणाऱ्या बाई

"म्हणजे पाणी आधी वरच्या शेतांना मिळतं, आणि उरलं तर खालच्यांना," कालव्याच्या चारीच्या काठावर उभ्या राहून त्या बाई म्हणाल्या. आमची ओळख होऊन तेव्हा धड चहासुद्धा झाला नव्हता.

मी त्या वेळी देवळाली प्रवराजवळच्या आमच्या पाणी वापर संस्थेचा मानद सचिव होतो. त्याआधीची सारी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत, गावोगावी बदल्या घेत झालेली. चुकीचे विधान ऐकून गप्प बसणे म्हणजे त्यास संमती देणे, अशी माझी धारणा आहे आणि सेवानिवृत्तीने ती बदललेली नाही.

"बाई," मी म्हणालो, "पाण्याचे आवर्तन शेपटापासून सुरू होते. आधी शेवटचे शेत, मग त्याच्या वरचे. हे आमच्या पोटनियमांत आहे आणि ते पोटनियम मी स्वतः लिहिले आहेत."

"अच्छा," त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "आणि ज्याला जितका वेळ लागेल तितका वेळ तो पाणी घेतो."

"मुळीच नाही! क्षेत्राच्या प्रमाणात!"

"आणि पाटकरी सांगेल ते शेवटचं."

"पाटकरी? पाटकरी म्हणजे काय उच्च न्यायालय आहे?"

चारीची दारे उघडणारा आणि लावणारा आमचा पाटकरी नामदेव शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "बाई, आमाला चा घेता का म्हणून बी कुनी इचारत न्हाई. शेवटचं कुठलं घेऊन बसला!"

त्या हसल्या, आणि हातातल्या उसाच्या कांडक्याचा एक तुकडा दाताने सोलून तोंडात टाकला.

प्रकरण गंभीर होते. संस्थेने ठराव करून पाण्याच्या पाळ्या मोबाईलवर आणायचे ठरवले होते. कोणाचे दार केव्हा उघडायचे आणि केव्हा लावायचे, हे यापुढे यंत्र सांगणार आणि नामदेव त्याप्रमाणे करणार. एक पाळी हुकली की लहान उसाला आणि कांद्याला पुढच्या आवर्तनापर्यंत थांबा असे सांगता येत नाही. असे यंत्र घडवण्यापूर्वी आम्हाला काय हवे ते समजून घेण्यासाठी नगरच्या सावेडीतल्या एका कंपनीने या बाईंना पाठवले होते. पन्नाशीला टेकलेल्या, डोक्यावर उन्हाची टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. आणि ज्ञान हे असे!

मी त्याच दिवशी कंपनीच्या मालकांना पत्र लिहिले. "आपण पाठविलेल्या प्रतिनिधीस उसाला पाणी लागते याखेरीज सिंचनाची कोणतीही माहिती असल्याचे दिसून येत नाही," असे सुरू करून त्यांच्या प्रत्येक चुकीच्या विधानासमोर योग्य विधान लिहिले, पाकिटावर 'अहिल्यानगर' असे पूर्ण नाव घातले आणि पत्र रजिस्टरने रवाना केले. त्यातील एकही शब्द मी आजही मागे घेत नाही.

पुढच्या खेपेस बाई आल्या त्या ते पत्र हातात नाचवतच.

"काका, इतकं चांगलं काम माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं! सगळं आहे यात. असं नसून असं, तसं नसून तसं. मला नेमकं हेच लागतं."

"मी आपला काका नाही."

"बरं, मामा."

"मी आपला कोणीही नाही! मी या संस्थेचा मानद सचिव आहे!"

"बघा," त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, "पुन्हा दुरुस्त केलंत."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. बाई मुद्दाम चुकत होत्या! सर्व काही वाचून, पोटनियमांची प्रत पाठ करून आल्या होत्या आणि तरीही चुकत होत्या. उलटतपासणीत साक्षीदाराला असे बनवणारे वकील मी पाहिले होते. पण ते काळ्या कोटात असत आणि समोर न्यायाधीश असत.

"याला फसवणूक म्हणतात," मी म्हणालो.

"काका, माणसाला विचारलं की तो विचार करून सांगतो. चुकीचं ऐकवलं की माहीत असलेलं सांगतो. मला दुसरं हवं असतं."

त्यांच्या सगळ्याच तऱ्हा अशा होत्या. कापडी घडीचे एक स्टूल त्या स्कूटरला बांधून आणत, पण स्वतः त्यावर कधी बसल्या नाहीत. बोलणाऱ्याला बसवत आणि आपण चारीच्या दाराच्या सिमेंटी कठड्यावर पाय सोडून बसत. "उभा माणूस थोडक्यात बोलतो, बसलेला खरं बोलतो," हे त्यांचे मत. ऊस चघळत ऐकण्याचेही कारण होते. तोंडात ऊस असला म्हणजे समोरच्याचे वाक्य मध्येच तोडता येत नाही. लॅपटॉप स्कूटरच्या डिकीत पडलेला असे. तो बाहेर काढला की लोक जनगणनेला उत्तरे दिल्यासारखे बोलतात, अशी त्यांची तक्रार होती.

'नेहमी' हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे.

"मी नेमी सकाळच्याला दार उघाडतो," नामदेव एकदा म्हणाला.

"नेहमीचं नको. काल?"

"काल व्हय? काल आमची म्हस व्याली. काल बायकूनं उघाडलं."

"म्हणजे दार दोघं उघडतात. आणि फोन एकाकडेच."

पोटनियमांत पाटकऱ्याच्या पत्नीचा उल्लेख कोठेही नव्हता, हे मी तत्काळ निदर्शनास आणून दिले. बाईंनी मान डोलावली आणि आणखी एक तुकडा सोलला.

गावात मात्र बाईंविषयी कमालीची कणव उत्पन्न झाली. नगरहून आलेल्या बाईला काही म्हणता काही कळत नाही, कंपनी तिला काढून टाकील, तेव्हा आपणच तिला शिकवले पाहिजे, असे ठरून माणसे कठड्याभोवती जमू लागली. शेपटाच्या शेतातील सुमनबाई, एकट्या शेती करणाऱ्या, कोणाशी फारसे न बोलणाऱ्या, त्याही डोक्यावरचा भारा खाली टाकून म्हणाल्या, "पोरी, पुना सांगते बग. ध्यान दे आता." बाई ध्यान देत आणि पुन्हा नवी चूक करत. मी कठड्याच्या पलीकडे उभा राहून हा सर्व अनाचार पाहत होतो. आणि खरे सांगायचे तर, सकाळ झाली की चारीकडे जायला मी उतावीळ असे. न्यायालयात वर्षानुवर्षे साक्षी नोंदवल्या. पण माणसे सांगण्यासाठी अशी एकमेकांवर तुटून पडलेली तिथे कधी पाहिली नव्हती.

एके दिवशी बाई स्वतःहून माझ्याकडे आल्या. तोंडात ऊस नव्हता.

"काका, एक गडबड आहे. मी सगळ्यांना म्हणून पाहिलं, की पाळीच्या वेळी जो दारावर हजर नाही, त्याची पाळी जाते."

"अचूक आहे. कलम अकरा."

"तेच तर! मला कुणी दुरुस्तच केलं नाही. नामदेव म्हणाला, व्हय. सुमनबाई म्हणाल्या, व्हय. सगळे व्हय म्हणाले आणि जमिनीकडे पाहायला लागले. इतक्या दिवसांत माझं एकही वाक्य ज्यांनी सुखानं जाऊ दिलं नाही, ती माणसं इथंच कशी गप्प?"

"कारण नियम सुस्पष्ट आहे."

"सुस्पष्ट नियमावर माणसं अशी खाली बघत नाहीत."

कलम अकराची पूर्ण जबाबदारी माझी आहे. हजर नसणाऱ्याची पाळी पुढच्याकडे जाईल, आणि एकाच्या पाळीचे पाणी दुसऱ्याच्या शेतात गेल्यास दोघांचीही पुढील पाळी रद्द होईल. हे मी उगाच लिहिलेले नाही. संस्था होण्यापूर्वी वरच्या शेतांतील दांडगे लोक सुमनबाईंचे पाणी खुशाल आपल्याकडे वळवत आणि वर म्हणत, "तू कुठं हुतीस? आमी म्हनलं, नगं आसंल." मी सेवानिवृत्त होऊन गावी आलो तेव्हा त्यांची बाजरी उभी वाळलेली माझ्या डोळ्यांनी पाहिली. पाटबंधारे शाखेला मी इतकी पत्रे लिहिली की तिथले लिपिक माझे अक्षर ओळखू लागले. कलम अकरा आल्यापासून सुमनबाईंचे पाणी एकदाही चोरीला गेले नाही. तेव्हा त्या कलमाविषयी कोणी नुसते नाक मुरडले, तरी माझे रक्त तापते.

यंत्राच्या चाचणीचे आवर्तन आले. पाळ्या मोबाईलवर दिसू लागल्या. त्या सकाळी भाऊसाहेबांची पाळी होती; त्यांचा लागणीचा ऊस नुकता वीतभर वर आलेला. आणि पहाटे त्यांची आई वारली. सारे घर अंगणात बसलेले. भाऊसाहेब दारावर येणे शक्य नव्हते.

मी चारीवर पोहोचलो तेव्हा नामदेवच्या हातातल्या मोबाईलवर लाल अक्षरांत 'पाळी रद्द' असे आले होते, आणि तरीही भाऊसाहेबांचे दार सताड उघडे होते. त्यांच्या उसात पाणी चालले होते आणि सरीत उभा राहून, फावड्याने पाणी वळवत दारे धरत होता त्यांच्या वरच्या शेतातला बबन. रद्द झालेली पाळी नियमाने या बबनकडेच गेलेली. म्हणजे स्वतःच्या पाळीचे पाणी तो दुसऱ्याच्या शेतात देत होता!

"कलम अकरा!" मी ओरडलो. "बबन, तुझीही पाळी रद्द होते! नामदेव, दार लाव!"

नामदेव हलला नाही. बबनने फावड्याने एक बांध फोडला, पाणी पुढच्या सरीत घेतले, आणि मान वर न करता म्हणाला, "लिवा कोर्टसाहेब, काय लिवायचं ते. हे वाफं झाल्याबिगर मी न्हाई निघत."

"तुला कोणी सांगितले हे करायला?"

"ह्यात कुनी सांगतं व्हय?"

बाई कठड्यावरून खाली उतरल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटले, यांना आता टाळ्या वाजवायच्या आहेत. "हेच!" त्या म्हणाल्या. "काका, हेच ते! म्हणजे कुणाच्या घरी मयत झालं, की शेजारी पैसे घेऊन त्याच्या शेतात पाणी देतो."

"पैसं?" नामदेव उसळला. "बाई, त्वांड सांबाळा! पैसं कोन घेतं? ज्याच्या घरी मानूस गेलं, त्याचं रान दहाव्यापातूर शेजाऱ्यानं भिजवायचं. मागनं कुनी बोलायचं न्हाई, त्यानं बी इचारायचं न्हाई. आमच्या आज्यापासनं हाय हे!"

"मग मला आजवर का सांगितलं नाहीस?"

नामदेवने माझ्याकडे पाहिले. मग बबननेही पाहिले.

माझा संताप त्या क्षणी कोणावर होता, हे सांगणे अवघड आहे. संस्थेच्या चारीवर पिढ्यान्पिढ्या एक नियम पाळला जात होता आणि संस्थेच्या सचिवापासून तो लपवला जात होता! अलिखित नियमाइतकी धोकादायक वस्तू जगात नाही. तो ज्याच्या तोंडी बसतो त्याचा होतो. "उद्या कोणीही म्हणेल, याच्या घरी दुखवटा होता म्हणून मी पाणी वळवले!" मी म्हणालो. "सुमनबाईंचे पाणी असेच जात होते! पुन्हा तीच वाट उघडायची?"

सुमनबाई तोवर खालून वर आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "कोर्टसाहेब, कलम काडू नका. पर भाऊसाबाचा ऊस बी जाऊ नये. माझा धनी गेला, तवा बबनच्या बापानं माझं रान भिजवलं हुतं."

पेच आता माझ्यासमोर उघडा पडला होता. कलम जसेच्या तसे यंत्रात गेले, तर पुढच्या आवर्तनापासून नामदेवलाही दार उघडे ठेवता येणार नव्हते, कारण यंत्र नामदेवसारखे दुसरीकडे बघत नाही. भाऊसाहेबांसारख्याचा ऊस जळणार. आणि कलम काढले, तर सुमनबाई पुन्हा वरच्यांच्या तोंडी.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "यंत्रात एक बटण देते. शेजाऱ्याचं पाणी घेतो, असं."

"घेतो?" मी गरजलो. "घेतो कसे? घेण्याचा प्रश्नच नाही! बबन काय घेतो आहे? तो देतो आहे! घेण्याची मुभा कोणालाही, कोणत्याही कारणाने नाही. देण्याची आहे. आपली पाळी दुसऱ्याच्या शेतात देता येईल, दुसऱ्याची आपल्या शेतात कदापि नाही!"

बोलून झाल्यावर मला ऐकू आले की मी काय बोललो.

बाई उडीच मारतील अशा उभ्या होत्या. "लिहा, काका! लिहा! अगदी असंच!"

नामदेवच्या खिशातली पेन्सिल आणि खताच्या पोत्यावरचे लेबल, एवढ्यावर कलम अकराची दुरुस्ती तयार झाली. आयुष्यात मी असंख्य मसुदे केले, पण चिखलात उभे राहून, चौघांशी भांडत, असा एकही नाही. मी लिहिले, "दहाव्यापर्यंत." बाई म्हणाल्या, "म्हणजे सुमनबाईंच्या घरी कुणी गेलं तर पाणी नाही. आमच्याही नाही. त्याही बौद्ध, मीही. आमच्यात कुठे दहावा असतो?"

"कोण म्हणतो पाणी नाही?" मी दहावा खोडला. "ज्या घरात जी रीत असेल, ती पूर्ण होईपर्यंत!"

त्यांनी मला पुन्हा बनवले होते, हे मला खोडताना कळले. तरी मी पुढचे वाक्य लिहायला घेतले.

पाणी बांधाला लागल्यावर बबन बाहेर आला. पाय धुता धुता म्हणाला, "आन बाई, एक करा. त्याच्या फोनवर काय बी जाऊ देऊ नका. घरात मानसं रडत्यात आन फोन वाजायचा, पाळी झाली म्हनून. आन कुनी दिलं ते तर बिलकूल नगं. त्याला उपकार वाटंल."

"नोंद असलीच पाहिजे," मी म्हणालो. "नोंद नाही तर पुरावा नाही."

यावर मोठी खडाजंगी झाली. शेवटी ठरले ते असे : यंत्र त्या घराशी काहीही बोलणार नाही. पाळी पूर्ण झाली, एवढेच दिसेल. देणाऱ्याचे नाव आत बंद राहील आणि वाद दाखल झाला तरच सुनावणीत उघडेल. बाई म्हणाल्या, की यंत्राने काय काय करावे हे सांगणारे त्यांना जन्मभर भेटले. यंत्राने कुठे गप्प बसावे हे सांगणारे आम्हीच पहिले.

वार्षिक सभेत अध्यक्षांनी विचारले, की मोबाईलमध्ये दुखवटा कशाला घालता? मी उठलो आणि बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही. आवाज शाळेच्या पटांगणापर्यंत गेला, असे नंतर कळले. हात वर झाले तेव्हा ज्यांनी पूर्वी सुमनबाईंचे पाणी वळवले होते, त्यांचेही वर होते. आपल्याही घरी कधीतरी माणूस जाणार, हे त्यांना ठाऊक होते. बाई मागच्या भिंतीशी उभ्या राहून ऊस सोलत होत्या. ठराव मंजूर झाल्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, "म्हणजे नामंजूर झाला," आणि सारी सभा एका सुरात त्यांच्यावर ओरडली.

त्यानंतर त्यांचे येणे संपले. सध्या त्या शिर्डीत फुलवाल्यांसाठी काहीतरी घडवत आहेत, म्हणजेच फुलवाल्यांना रोज चुकीचे सांगत आहेत, असे ऐकतो.

या चैत्रात माझ्या थोरल्या वहिनी गेल्या. आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवले. मी बदल्यांवर फिरत असताना आमची जमीनही त्यांनीच सांभाळली. त्या दिवसांत आमची पाळी होती, हे माझ्या लक्षातही नव्हते. मोबाईल वाजला नाही. तेरावे उरकून मी शेतावर गेलो, तर ऊस तजेलदार उभा होता आणि सऱ्यांत ओल होती. बांध नीट घातलेले होते. फावड्याची धार ज्या बाजूने पडली होती, तीवरून माणूस ओळखता येईल का, हे मी वाकून पाहिले. येत नव्हता.

मी नामदेवला विचारले. तो म्हणाला, "म्हस बांधायची हाय मला," आणि निघून गेला. बबन हसला. सुमनबाईंनी पदर सावरला आणि हवेचा विषय काढला. यंत्रात पाहिले, तर 'पाळी पूर्ण'. नाव उघडायला वाद दाखल हवा, आणि माझा कोणाशी वाद होता? माझ्याच शब्दांनी मला बाहेर ठेवले होते.

मी बाईंना पत्र लिहिले. कडक लिहिले. माजी सचिव या नात्याने, प्रकरणातील हितसंबंधित व्यक्ती या नात्याने, आभार मानण्याच्या माझ्या मूलभूत अधिकाराचा उल्लेख करून, देणाऱ्याचे नाव तत्काळ कळवावे, अशी मागणी केली.

उत्तर पोस्टकार्डावर आले. एकच ओळ होती.

"काका, त्या दिवशी देवळालीत मोठा पाऊस झाला होता."

भर चैत्र! आकाशात ढगाचा ठिपका नव्हता! मी तिरीमिरीत कागद पुढे ओढला आणि लिहिले, "आपले विधान वस्तुस्थितीस धरून नाही. त्या दिवशी पाऊस झाला नसून"

इथे लेखणी थांबली. खिडकीतून शेत दिसत होते. नामदेव चारीवरून जाताना शेताकडे न पाहता गेला, मग बबनही तसाच गेला.

मी लेखणीला टोपण लावले. ते पोस्टकार्ड माझ्या टेबलावर आहे. त्यावरचे विधान मी अद्याप दुरुस्त केलेले नाही.